हर्णै बंदरातलं कौलारू घर: मासे आवडत असतील तर इथेच राहा

दापोलीजवळच्या हर्णैला जायचं म्हटलं की बहुतेक लोक शेजारच्या मुरुडला नाहीतर कर्द्याला रूम घेतात, संध्याकाळी तासभर बंदरावर येतात, मासळीच्या लिलावाचे फोटो काढतात, नाकाला रुमाल लावतात आणि परत जातात. आम्ही या वेळी ठरवून ऐन बंदराच्या वस्तीत राहिलो. एक जुनं कौलारू घर आहे, पूर्ण घर भाड्याने देतात, किचन आपल्या हातात. राहून आल्यावर माझं मत एकदम स्पष्ट झालंय, ज्याला मासे खायला, करायला आणि ते येतात कुठून हे बघायला आवडतं त्याने दापोलीच्या किनाऱ्यावर दुसरीकडे पैसे घालवू नयेत. ज्याला शांत बीच, स्विमिंग पूल आणि बुफे ब्रेकफास्ट पाहिजे त्याने मात्र इथे बुकिंग करू नये, कारण यातलं काहीही इथे नाही आणि मालकही असल्याचं सांगत नाहीत.

मालकांचं हे मला फार आवडलं. आम्ही बुकिंग एका साइटवरून केलं होतं, तिथे फोटोत पांढऱ्या वाळूचा रिकामा बीच टाकलेला, जो हर्णैचा नाहीच. नंतर मालकांना फोन केला तर त्यांनी स्वतःहून सांगितलं, "ताई, घरासमोर बीच नाही, बंदर आहे. वास असतो, पहाटे आवाज असतो, गाडी दारापर्यंत येत नाही. चालणार असेल तरच या, नाहीतर मी कॅन्सल करून देतो." आजकाल असं कोण बोलतं. साइटला त्या फोटोबद्दल कळवलं, त्यांचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. त्यामुळे तुम्ही गेलात तर आधी थेट मालकांशी बोला, फोटोंवर जाऊ नका.

आता घर. बंदराकडून जो चढ वर येतो त्यावर आहे, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि मागच्या दारी विहीर. वर माडीवर एक मोठी खोली. खाली दोन खोल्या. सहा-सात माणसं आरामात राहतात. ओटीवर लाकडी झोपाळा आहे, मुलं त्याच्यावरून उतरायला तयार नव्हती. जुन्या घराचं रिसॉर्ट करताना लोक काय करतात, भिंतींना गुळगुळीत प्लास्टर, खाली चकचकीत टाइल्स, वर पीओपी, आणि मग त्याला हेरिटेज म्हणतात. इथे तसलं काही केलेलं नाही. जांभा तसाच उघडा आहे, माजघरात दुपारी बाराला पण पंख्याशिवाय बसता येतं, कौलांमध्ये दोन काचेची कौलं आहेत त्यातून उजेडाचा पट्टा खाली येतो. मागच्या पडवीवर तेवढा पत्रा दिसतो. विचारलं तर कळलं की ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मागची सगळी कौलं उडाली होती. त्या वादळाने या पट्ट्यात, हर्णै, आंजर्ले, केळशी, मुरुड सगळीकडे घरांची आणि माड-पोफळींच्या बागांची अक्षरशः वाट लावली. मालकांच्या मागच्या वाडीत अजून माडांचे बुंधे कापलेले दिसतात आणि मधेमधे नवीन रोपं लावलीयत, ती आत्ता कुठे डोक्याच्या वर गेलीयत. फळाला यायला अजून वेळ आहे म्हणाले.

माडीच्या खिडकीतून समोर सुवर्णदुर्ग दिसतो. खिडकीशी उभं राहिलं की आधी कौलं, मग माडांचे शेंडे, मग नांगरलेल्या बोटी, त्यांचे झेंडे, आणि त्यांच्या मागे पाण्यातून सरळ वर आलेली काळी तटबंदी. सुवर्णदुर्ग एकटा नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्याच्या समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन किल्ले आहेत, समुद्रातल्या किल्ल्याला जमिनीवरून पाठबळ द्यायला. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती आहे, म्हणजे किल्ल्यावर लोकांची घरं, दारात जाळी वाळत घातलेली. या घरातून तिन्ही ठिकाणी चालत जाता येतं. मुरुडला राहिलं की हे जमत नाही, तिथून दर वेळी गाडी काढा, पार्किंग शोधा.

वासाबद्दल मोकळेपणाने लिहिते कारण जो तो तेच विचारतोय. वास येतो. बंदराच्या बाजूला मासळी सुकत घातलेली असते, वारा तिकडून असेल तर माडीपर्यंत येतो. आम्ही थंडीत गेलो होतो, तेव्हा रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो त्यामुळे झोपताना काही त्रास नाही, दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की मग जाणवतो. सासूबाई पहिल्या दिवशी कुरकुरल्या, दुसऱ्या दिवशी त्याच पडवीत बसून शेजारच्या बायकांशी सोडे कसे सुकवतात यावर गप्पा मारत होत्या. आवाजाचं म्हणाल तर पहाटे बर्फाचे टेम्पो येतात, बर्फ फोडायचा आवाज, बोटींच्या इंजिनची धडधड, मशिदीतली अजान, थोड्या वेळाने देवळातली घंटा. ज्याची झोप सावध आहे त्याने खालची मागची खोली घ्यावी, तिथे विहिरीच्या बाजूला अजिबात आवाज येत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहायला बसले ते, म्हणजे या घराचं स्वयंपाकघर. मी आजपर्यंत जिथे जिथे "किचन उपलब्ध" असं लिहिलेल्या ठिकाणी राहिलेय तिथे एक शेगडी, एक चेपलेलं पातेलं आणि चहाची गाळणी एवढंच मिळालंय. इथे ज्याने किचन लावलंय त्याला मासे करता येतात हे बघता क्षणी कळतं. मागच्या दाराबाहेर जांभ्याचा ओटा आहे, खास मासे साफ करायला, त्याला एका बाजूला उतार दिलेला, वर नळ, आणि धुतलेलं पाणी पन्हळीतून थेट माडाच्या आळ्यात जातं. म्हणजे घरात खवले नाहीत, सिंकमध्ये वास नाही, माशा नाहीत. ओट्याशेजारी मोठी विळी, पाट चांगला जाड, हलत नाही, पातं धारेचं. आत बिडाचा तवा आहे, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळाभोर झालेला, त्याच्यावर रव्यातला बांगडा टाकला तर उचलताना कुठेही चिकटला नाही. पाटा-वरवंटा आहे, मिक्सरही आहे. बरणीत घरचा मसाला, कोकमं, बाटलीत आगळ, नारळ वाडीतलेच. या सगळ्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

घर सांभाळायला एक मावशी येतात, पलीकडच्या पाजपंढरीच्या. स्वयंपाक करायला सांगितलात तर त्या करून देतात, माणशी वेगळे पैसे, पण मी म्हणेन की त्यांच्या शेजारी उभं राहून शिकून घ्या. मी माकूल, म्हणजे स्क्विड, कधी घरी केलेलं नव्हतं, हॉटेलात खायचं आणि चिवट निघालं की गप्प बसायचं. मावशींनी ओट्यावर एक माकूल घेतलं, डोकं धरून हळू ओढलं, आतलं सगळं एका झटक्यात बाहेर, त्यात शाईची चंदेरी पिशवी, ती बोटाने अलगद सोडवून बाजूला ठेवली. मग आतमध्ये बोट घालून एक लांब पारदर्शक काडी काढली, अगदी प्लॅस्टिकची वाटावी अशी, माझ्या मुलाने ती धुऊन वहीत ठेवलीय. वरचं जांभळट साल नखाने सुटलं की सरसर निघतं आणि खाली पांढरी शुभ्र नळी राहते. पिशवी फुटली तर काय विचारलं तर म्हणाल्या, "काय होतंय, काळं होतंय, धुवायचं. विष नाय ते." मग गोल चकत्या, हळद-मीठ-मसाला-लसूण, तवा कडकडीत तापलेला, आणि दोन-तीन मिनिटांत उतरवलंसुद्धा. "जास्त ठेवलंस तर रबर," एवढंच सांगितलं. कसलं लुसलुशीत झालं होतं! मुलगी जी माशाचं नाव काढलं की तोंड फिरवते तिने तीनदा मागून घेतलं.

लिलावाचं आता. हर्णैला मोठ्या बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात, तिथून छोट्या होड्यांमधून मासळी किनाऱ्याकडे येते आणि पुढे बैलगाड्या पाण्यात घालून उतरवतात. बैल पोटापर्यंत पाण्यात शांत उभे, चाकं अर्धी बुडलेली, आणि गाडीवर टोपल्या चढतायत, हे बघायला आम्ही रोज संध्याकाळी चारच्या पुढे खाली जात होतो. सकाळीही लिलाव असतो पण संध्याकाळी गर्दी जास्त. वाळूवर मासळीचे ढीग आणि टोपल्या मांडतात, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, एक जण भाव पुकारतो, आणि आपल्याला काही कळायच्या आत ढीग विकला गेलेला असतो. लगेच बर्फ, लगेच क्रेट, लगेच टेम्पो. मोठं पापलेट, मोठी सुरमई, चांगली कोळंबी ही थेट बाहेर जाते, त्यामुळे बंदरावर पापलेट फुकटात मिळेल अशा आशेने जाऊ नका, भाव तिथे शहरातल्या बाजाराच्या जवळपासच असतो. मावशींनी आधीच बजावलं होतं, "लिलावात पडू नका ताई, तिथं अख्खी टोपली घ्यायला लागते. बाजूला बायका बसतात त्यांच्याकडनं वाटा घ्या." तसंच केलं. बांगडे, मांदेली, बोंबील, माकूल यांत खरी मजा आहे, ताजी आणि परवडणारी. कल्ले उघडून लालभडक आहेत ना बघायचं, डोळा फुगीर आणि स्वच्छ पाहिजे, बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये, एवढं बघितलं की झालं. घासाघीस करा पण कामाच्या वेळी मधे उभं राहून रील काढू नका, बायका तोंडावर बोलतात आणि बरोबरच आहे त्यांचं, त्या वाळूवर त्यांचं पोट आहे. बोटी दोन-दोन, चार-चार दिवस बाहेर राहून आलेल्या असतात, खलाशी पार थकलेले असतात.

पायात साध्या रबरी चपला घाला. मासळीचं पाणी, बर्फाचं पाणी, शेण सगळं असतं खाली.

सुवर्णदुर्गाला जायला बंदरावरूनच होड्या मिळतात. थंडीत आणि उन्हाळ्यात समुद्र शांत असतो तेव्हाच, पावसाळ्यात बंद. आधी भाडं ठरवा, किती वेळ थांबणार तेही ठरवा, आणि भरती-ओहोटी बघून नेतात त्यामुळे ते म्हणतील ती वेळ पाळा. आम्ही गेलो तेव्हा किल्ल्यापाशी गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं, त्यामुळे सासूबाई आल्या नाहीत. महादरवाजा लांबून दिसतच नाही, बुरुजांच्या आड लपवलाय, अगदी जवळ गेल्यावर सापडतो. पायरीवर कासव कोरलंय आणि तटात मारुती. आत पाण्याची टाकी आहेत, जुन्या वाड्यांची जोती आहेत, आणि झाडी एवढी की एकट्याने आत फिरू नका. कान्होजी आंग्र्यांचं नाव ज्या आरमाराशी जोडलंय त्या आरमाराचं हे मोठं ठाणं. पुढे १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून हा किल्ला गेला, समुद्राकडून इंग्रजांचा कमोडोर जेम्स आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज अशा दोघांनी मिळून घेतला. आपल्याच आरमाराचा कणा मोडायला आपलेच लोक इंग्रजांना घेऊन आले, हे त्या तटावर उभं राहून आठवलं की फार वाईट वाटतं, मी तिथे बराच वेळ बोललेच नाही कुणाशी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं त्यात सुवर्णदुर्ग आहे. गर्दी वाढणार हे नक्की, तेव्हा प्लॅस्टिकच्या बाटल्या परत आणा, तटाच्या आत वेफर्सची पाकिटं बघून जीव जळला.

आता घरात काय खटकलं ते. सगळ्यात आधी माडीचा जिना. लाकडी आहे, एकदम उभा, पायऱ्या अरुंद आणि धरायला फक्त वरून लोंबणारा दोर. जुन्या घरात असाच असायचा हे खरं, पण तुम्ही पैसे घेऊन माणसं ठेवताय, त्यात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असणार, तर एका बाजूने तरी कठडा पाहिजेच. आणि वर बाथरूम नाही, रात्री उठलं की त्याच जिन्याने खाली या. सासूबाईंना वर जाताच आलं नाही, म्हणजे घरातला सगळ्यात सुंदर भाग त्यांनी बघितलाच नाही. दुसरं म्हणजे गाद्या. खारी हवा, सगळं दमट होतं हे मान्य, पण मग दर पाहुण्यांच्या मधे उन्हात टाकायला पाहिजेत, पहिल्या रात्री गादीला ओलसर वास होता, सांगितल्यावर मावशींनी सकाळी सगळ्या अंगणात टाकल्या आणि नंतर ठीक झालं. माडीवरच्या एसीची जाळी गंजलीय आणि तो आवाज करतो, थंडीत लागला नाही, एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या. विहिरीचं पाणी अंघोळीला छान, प्यायला मात्र मचूळ लागतं, प्यायचे जार मालक देतात पण एक संपला की दुसरा यायला वेळ लागतो. मच्छर आहेत, मच्छरदाण्या दिलेल्या आहेत आणि धुतलेल्या होत्या. नेट माडीवर चांगलं येतं, खाली जांभ्याच्या जाड भिंतींमुळे जवळपास नाहीच.

गाडी खरंच दारापर्यंत येत नाही. खाली मोकळ्या जागेत लावून गल्लीतून सामान घेऊन चढ चढायचा, पाचेक मिनिटं. मालकांनी एक मुलगा पाठवला होता मदतीला. मोठ्या ट्रॉली बॅगा आणू नका, दगडी पाखाडी आहे, चाकं चालत नाहीत.

पैसे: आम्ही आठवड्याच्या मधल्या वारी गेलो, पूर्ण घराचे रात्रीचे साडेचार हजार घेतले, शनिवार-रविवारी जास्त आहेत. दोन कुटुंबं मिळून गेलात तर मुरुडच्या साध्या रूमपेक्षा स्वस्त पडतं आणि त्यात किचन मिळतं. मुलांसाठी वाळूत खेळायला आम्ही मुरुडला जात होतो, गाडीने दहा-पंधरा मिनिटं, तिथलं दुर्गादेवीचं लाकडी कोरीवकामाचं देऊळ बघा. दुसऱ्या बाजूला खाडीवरच्या पुलावरून आंजर्ल्याला जा, कड्यावरचा गणपती अगदी जवळ आहे. आसूदच्या केशवराजाला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पोफळीच्या बागेतून पायऱ्या चढून जायचं असतं, ऊन झालं की दमायला होतं.

पुण्याहून आम्ही ताम्हिणी, माणगाव, मंडणगड, दापोली असे गेलो, मंडणगडच्या पुढे वळणं आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घ्या. रेल्वेने येणाऱ्यांना खेड स्टेशन, तिथून दापोली, दापोलीहून हर्णैला एसटी मिळते.

कधी जाऊ नये तेही सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, माशांच्या पैदाशीचा काळ असतो तो, आणि त्या दिवसांत बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, लिलाव नाही, होड्या नाहीत. घर तेव्हाही देतात आणि पावसात ते सुंदरच दिसत असणार, पण मग बंदरात राहण्याचा अर्थ उरत नाही. नारळी पौर्णिमा होऊन थोडे दिवस गेले की जा, आणि थंडी उत्तम.

निघताना मालकांना जिन्याच्या कठड्याचं परत सांगितलं, त्यांनी सुताराला बोलावलंय म्हणाले. लागला की मला कळवा असं सांगून आलेय, कारण सासूबाईंना त्या माडीच्या खिडकीत बसवायचंच आहे. तुमच्यापैकी कुणी त्याआधी गेलं तर कठडा लागलाय का ते प्लीज इथे लिहा.